गोल शिक्क्याची जप्ती

दशरथ ओव्हाळांनी एकतीस वर्षं पुण्यात जप्त्या केल्या. नोकरी बेलिफाची. न्यायाधीश निकाल देऊन घरी जातात, वकील फी घेऊन घरी जातात, आणि निकालाप्रमाणे वस्तू उचलायला लोकांच्या दारात उभा राहतो तो बेलिफ. त्याला बघून कोणी ‘या, बसा’ म्हणत नाही. ओव्हाळांच्या अंगावर कुत्री सोडून झाली, बायका रडून झाल्या, आणि एका सुसंस्कृत गृहस्थांनी तर दुपारी दोन वाजता बेल वाजवली म्हणून त्यांच्याविरुद्ध थेट पोलिसांत अर्ज दिला. देणं बुडवल्याची त्या गृहस्थांना लाज नव्हती, झोपमोडीचा मात्र संताप होता.

पण माणूस सरळ. काय उचलायचं नाही हे ओव्हाळांना काय उचलायचं त्यापेक्षा जास्त पाठ होतं. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, यांना कायद्याने हात लावता येत नाही. कसबा पेठेत एका तांबटाकडे जप्तीला गेले तेव्हा सावकाराचा माणूस हातोड्यांकडे बोट दाखवत होता. ओव्हाळ म्हणाले, “ते त्याचे हात आहेत. तुमचे हात कापून नेऊ का मी?” मग फ्रीज उचलला आणि चालू लागले.

जप्ती या शब्दाचं कूळही त्यांना ठाऊक होतं. कोर्टाच्या दप्तरात मोडी कागद वाचायला एक म्हातारे गृहस्थ यायचे, त्यांच्याशेजारी डबा खाता खाता कळलेलं. मूळ शब्द अरबी, जब्त. घट्ट धरणं, आवरून ठेवणं. फारसीच्या पाठीवर बसून तो दरबारात आला. मोगलांनी तर उत्तरेत जमीन मोजून सारा ठरवायच्या पद्धतीलाच जब्ती म्हटलं. दख्खनेत आला आणि मराठी तोंडात रुळता रुळता ‘ब’चा ‘प’ झाला. पुढे इंग्रज आला, त्याने अटॅचमेंट म्हटलं. म्हणणारे बदलले, उचलणं तेच. वरून खाली यायला या शब्दाला कधी वाट विचारावी लागली नाही. दरबारातून शेतावर, कचेरीतून झोपडीत, बरोब्बर पोहोचला. खालून वर चढायची वेळ आली की मात्र त्याला पहिल्याच पायरीवर दम लागतो.

ओव्हाळांना हे कळलं ते गोदाबाई कुंजीरांमुळे.

गोदाबाई मांजरीच्या. वय चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. अकरा वर्षांपूर्वी त्यांची सव्वा एकर बागायत रस्त्यासाठी सरकारने घेतली. रस्ता झाला, रस्त्याचं उद्घाटन झालं, रस्त्याला खड्डे पडले, खड्ड्यांचंही टेंडर निघालं. गोदाबाईंना मोबदला मिळाला तो त्या जमिनीतल्या नारळांचीही किंमत होऊ नये इतका. त्या कोर्टात गेल्या. सहा वर्षांपूर्वी कोर्टाने वाढीव मोबदला मंजूर केला, व्याज धरून चौतीस लाख. द्यायचे होते भूसंपादनाचं काम पाहणाऱ्या एका सरकारी कचेरीने. कचेरीने हात वर केले. का, तर निधी उपलब्ध नाही.

तोवर गोदाबाई पुतण्याच्या जागेत एका पत्र्याच्या खोलीत राहत होत्या. पुतण्याने ती जागा बिल्डरला दिली. महिनाअखेरीला खोली पाडणार, असं त्याने चुलतीला चहा पीत पीत सांगितलं. गोदाबाईंनी गावातच दोन खोल्यांचं एक जुनं घर बघून ठेवलं होतं. घरमालकानेही महिनाअखेरपर्यंतच थांबतो म्हणून सांगितलं. म्हणजे पैसे आले तर छप्पर, नाही तर रस्ता. तोच रस्ता, ज्याच्यासाठी जमीन गेली.

कोर्ट काही गप्प बसलं नव्हतं. कचेरीचं सामान जप्त करा, असं वॉरंट सहा वर्षांत चार वेळा निघालं. चारही वेळा ओव्हाळ गेले. आणि चारही वेळा त्यांनी तीच खुर्ची जप्त केली.

हो, तीच. या कचेरीवर जप्ती येण्याचं प्रमाण इतकं, की हेड क्लार्क हिंदुराव यांनी त्याची कायमची सोय करून ठेवली होती. जिन्याखालच्या खोलीत एक खुर्ची, एक बंद पडलेला संगणक आणि एक पंखा. खुर्चीचा एक पाय सुतळीने बांधलेला. बेलिफ आला की शिपाई हे तीन ऐवज पुढे आणून ठेवायचे, पंचनाम्यावर कचेरीचेच दोन शिपाई पंच म्हणून सह्या करायचे, खुर्ची फाटकाबाहेर नेताना पेपरवाला फोटो काढायचा. संध्याकाळी कचेरीचा वकील कोर्टात लेखी हमी द्यायचा, ‘तीन महिन्यांत रक्कम भरतो’. खुर्ची परत जिन्याखाली. तीन महिन्यांनी कोणाला काही आठवायचं नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी मात्र ठळक, ‘साहेबांची खुर्ची जप्त!’ साहेबांची म्हणे! साहेबाचं बूड त्या खुर्चीला कधी लागलेलं नव्हतं.

पाचवं वॉरंट ओव्हाळांच्या हातात आलं तेव्हा त्यांच्या निवृत्तीला जेमतेम आठवडा राहिला होता. कर्वेनगरच्या घरी त्यांची मुलगी आम्रपाली वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. ती म्हणाली, “बाबा, लास्ट वीक आहे. रजा टाका ना. नवीन बेलिफ करेल एक्झिक्यूट.”

“नवीन माणूस तीच खुर्ची उचलेल,” ओव्हाळ म्हणाले. “मीही चार वेळा उचलली. मुकाट्याने. म्हातारी दर वेळी माझ्या पाया पडायची, आणि मला ठाऊक असायचं की आपण तिच्या डोळ्यांत धूळ फेकतोय.”

चोवीस तारखेला सकाळी साडेदहाला ते कचेरीच्या फाटकाशी पोहोचले. गोदाबाई आधीच येऊन पायरीवर बसल्या होत्या, हातात कापडी पिशवी. या वेळी ओव्हाळांनी एक गोष्ट वेगळी केली. पंच बाहेरून घेतले, कोपऱ्यावरचा चहावाला आणि त्याच्या शेजारचा झेरॉक्सवाला. दोघांनाही या कचेरीबद्दल प्रेम असायचं कारण नव्हतं. चहावाल्याची तिथली उधारी दोन वर्षांची होती.

“या या, ओव्हाळ!” हिंदुराव तोंडभर हसले. “काढून ठेवलीय हो तुमची खुर्ची. पुसूनसुद्धा ठेवलीय.”

“ती राहू दे,” ओव्हाळ म्हणाले. “साहेब कुठे आहेत?”

“मीटिंगमध्ये.”

“साहेबांची गाडी?”

“ती हो कसली आमची! कंत्राटदाराची, भाड्याने लावलेली.”

“हा एसी?”

“भाड्याचा.”

“हे संगणक?”

“ते दुसऱ्या खात्याचे. स्टिकर बघा ना, लावलेत. टेबलं, कपाटं इमारतीबरोबर आलेली, बांधकामवाल्यांची. आमचं म्हणाल तर...” हिंदुरावांनी जिन्याकडे हात केला, “तेवढंच. गरीब कचेरी आहे हो आमची.”

आसपासचे कारकून फिदीफिदी हसले. वीस माणसांची कचेरी, प्रत्येकाच्या टेबलावर चहा, खिडकीत मनीप्लांट, आणि सगळं कोणाचं तरी दुसऱ्याचं! निर्लज्जपणालाही काही हद्द असते, पण इथे तीही बहुधा भाड्याने आणलेली असावी. गोदाबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “म्हंजी आजबी न्हाय व्हायचं का वो भाऊ?” ओव्हाळांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कागदोपत्री हिंदुरावांचं सगळं चोख होतं.

तेवढ्यात एक माणूस नकलेसाठी आला. हिंदुरावांनी त्याला वीस मिनिटं ताटकळत ठेवलं, मग खिशातून किल्ली काढली, टेबलाचा खालचा खण उघडला, त्यातून पत्र्याची डबी काढली, डबीतून गोल शिक्का काढला. त्याच्यावर एक फुंकर मारली, शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर ठप्पकन उठवला. शिक्का डबीत, डबी खणात, खणाला कुलूप, किल्ली खिशात. सगळं इतक्या सावकाशीने, की बघणाऱ्याला वाटावं देवाचे टाक पूजेला काढलेत.

ओव्हाळ हे बघत होते. ई-ऑफिस आलं, डिजिटल सही आली, पण या गोल शिक्क्यावाचून सरकारचं पान हलत नाही, हे त्यांना एकतीस वर्षं ठाऊक होतं. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, “हा तरी कचेरीचा आहे का हिंदुराव? का हाही भाड्याचाच?”

हिंदुरावांच्या अभिमानालाच हात घातला गेला. “भाड्याचा? शिक्का?” ते ताठ झाले. “अहो, हा शासनाने या कचेरीच्या नावाने दिलेला शिक्का आहे! रजिस्टरला नोंद आहे. बावीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही मी याला!”

“कचेरीचाच ना? पंचांनी ऐकलं ना?”

“ऐकलं,” चहावाला म्हणाला.

“लिहा मग,” ओव्हाळ झेरॉक्सवाल्याला म्हणाले. “गोल शिक्का, लाकडी मुठीचा, नग एक. अंदाजे किंमत रुपये तीनशे पन्नास. किल्ली द्या हिंदुराव.”

कचेरी आधी हसली. साडेतीनशे रुपयांची जप्ती! मग एका कारकुनाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि त्याचा हात कपावरच थांबला. उद्या पंचवीस तारीख. उद्या पगाराचं बिल जायचं होतं, आणि पगाराच्या बिलावर गोल शिक्का लागतो. गोदाबाईंचे सहा वर्षांचे चौतीस लाख ज्यांना कधी आठवले नाहीत, त्यांना स्वतःचा एक महिन्याचा पगार अर्ध्या मिनिटात आठवला.

हिंदुराव खणाला पाठ लावून उभे राहिले. ओव्हाळांनी कोर्टाचा हुकूम पुढे धरला आणि नुसते थांबले. आडवं येणाऱ्याचं नाव पंचनाम्यात जातं, हे बावीस वर्षांच्या कारकुनाला समजावून सांगावं लागत नाही. किल्ली आली. ओव्हाळांनी शिक्का कापडात गुंडाळला, दोरी बांधली, गाठीवर लाख लावून मोहोर केली, पंचांच्या सह्या घेतल्या.

आणि काय चमत्कार! मीटिंगला गेलेला साहेब आतल्या खोलीतून बाहेर आला. रविराज कुलथे त्याचं नाव. शर्टाला इस्त्री, कपाळाला आठ्या.

“हा काय पोरखेळ आहे?” साहेब म्हणाला. “जप्ती म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला? जप्ती किमती मालाची होते. विकून पैसे वसूल करायचे असतात. हा शिक्का विकून काय येणार?”

“जप्ती म्हणजे धरणं, साहेब. घट्ट धरणं. विकायचं ते नंतर. चार वेळा मी तुमची सुतळी बांधलेली खुर्ची धरली, तुम्हाला काहीच झालं नाही. आज तुम्ही मीटिंग सोडून आलात.”

“कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत!” हिंदुराव मध्येच ओरडले. कायदा त्यांनाही पाठ होता. “शिक्का हे आमचं हत्यार आहे!”

“कारागीर काहीतरी घडवतो हिंदुराव,” ओव्हाळ म्हणाले. “तुम्ही काय घडवलंत ते सांगा, आत्ता सोडतो.”

झेरॉक्सवाला भिंतीकडे तोंड करून हसला. साहेबाने वर फोन लावला. वरच्याने आणखी वर लावला. नवा शिक्का बनवून घेऊ, असंही कोणी सुचवलं. बनवता येत नव्हता. जुना हरवला तर पोलिसांत नोंद, मग प्रस्ताव, मग मंजुरी, मग परिपत्रक. हे नियम कोणी केले? यांनीच. आणि हा तर हरवलाही नव्हता, कोर्टाच्या ताब्यात होता. तो असताना दुसरा केला तर तो खोटा शिक्का, आणि खोट्या शिक्क्याला तुरुंग. दुसऱ्यांना अडवायला बांधलेल्या कुंपणात सगळी कचेरी स्वतःच जाऊन अडकली.

दीड वाजता साहेबाचा आवाज मऊ झाला. “बसा ना ओव्हाळ. आजी, तुम्हीही बसा. निधीचं काय आहे, मी बघतो.”

त्याने बघितलं. आणि निधी होता! पाच वर्षांपासून होता. कचेरीच्या ठेव खात्यात गोदाबाईंच्याच नावाने वेगळा काढून ठेवलेला. फक्त कोणी फाईल उचलली नव्हती. ज्या रकमेपायी म्हातारी मांजरीहून बसने खेटे घालत होती, ती रक्कम त्याच इमारतीत, एका कपाटात, कागदावर तयार. ओव्हाळ आयुष्यात बऱ्याच लबाड माणसांना भेटले होते. लबाडाला निदान पैसे तरी खायचे असतात. इथे कोणी खाल्लेही नव्हते, नुसते निजले होते. याची चीड त्यांना जास्त आली.

तीन वाजता कोर्टाच्या नावाचा धनादेश तयार झाला. दोन सह्या झाल्या. हिंदुरावांनी हात पुढे केला. “शिक्का द्या.”

“कशाला?”

“धनादेशावर गोल शिक्का लागतो. त्याच्याशिवाय बँक घेत नाही.”

जप्त केलेली, मोहोर लावलेली वस्तू फक्त कोर्टासमोर उघडायची, हा नियम. मोहोर तोडली तर नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्यावर बालंट. न तोडावी तर धनादेश बिनशिक्क्याचा, म्हणजे रद्दी. कोर्टाकडून परवानगी आणायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, आणि तेवढ्यात साहेबाच्या वकिलाची लेखी हमी. महिनाअखेर तर सहा दिवसांवर.

त्यांनी हिंदुरावांच्या टेबलाकडे पाहिलं. धनादेशाखाली कागदांचा एक गठ्ठा होता. सर्वांत वरचा कागद पगाराच्या बिलाचा.

गोदाबाईंनाही ते दिसलं. वाचता येत नव्हतं, पण हिंदुरावांच्या तोंडाला सुटलेलं पाणी त्यांना कळलं. “देऊ नगा भाऊ,” त्या म्हणाल्या. “त्येंच्या हातात गेला की आपलं काम ऱ्हातंय. मला ठावं हाय. अकरा वर्षं बघतीया मी.”

ओव्हाळांनी पंचांना जवळ बोलावलं. “मी काय करतो ते नीट बघा आणि जसंच्या तसं लिहा,” ते म्हणाले. आपल्या पिशवीतून शिक्क्याचं पुडकं काढलं आणि सगळ्यांदेखत स्वतः लावलेली मोहोर स्वतः तोडली. हिंदुरावांनी झडप घालायला हात टाकला. “हात मागे!” ओव्हाळ इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दारात आली. शिक्का त्यांनी मुठीत धरला, पॅडवर दाबला आणि धनादेशावर स्वतःच्या हाताने उठवला. एकदाच. मग परत गुंडाळला, परत बांधला, परत मोहोर. पगाराचं बिल जिथे होतं तिथेच राहिलं.

“तुम्ही जप्त मालाचा वापर केलात!” साहेब किंचाळला. “मी लेखी तक्रार करीन!”

“करा. पंचनाम्यात सगळं आहेच. फक्त तुमच्या तक्रारीवर शिक्का मारता येणार नाही.”

पाच वाजायच्या आत धनादेश कोर्टात जमा झाला. शिक्का सुटायचा तर अर्ज हवा, अर्जावर हुकूम हवा, हुकुमाची नक्कल हवी. कचेरीला ते सगळं करायला तीन दिवस लागले, आणि त्या महिन्यात वीस माणसांचा पगार उशिरा झाला. गोदाबाईंचे पैसे तीस तारखेला सकाळी त्यांच्या खात्यात आले. संध्याकाळी त्या नव्या घराच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसल्या होत्या आणि पुतण्याने पाठवलेला पेढ्याचा पुडा त्यांनी न उघडता परत पाठवला.

ओव्हाळ त्याच दिवशी निवृत्त झाले. हार मिळाला, नारळ मिळाला, आणि एक बंद लिफाफाही मिळाला. साहेबाने तक्रार केली होती. खुलासा द्या, तोवर निवृत्तिवेतनाचे कागद पुढे जाणार नाहीत. गंमत अशी, की पेन्शनीवर जप्ती आणता येत नाही. कोर्टालासुद्धा नाही, कायद्यातच लिहिलंय. पण एका लिफाफ्याने ती आपोआप अडकते, आणि त्याला जप्ती म्हणत नाहीत.

आम्रपालीने रात्री बसून दोन पानी खुलासा तयार केला. त्यात निवाडे होते, कलमं होती, ‘परिस्थितीच्या दबावाखाली’ होतं, ‘वृद्ध महिलेची दया येऊन’ होतं.

ओव्हाळांनी ते सगळं वाचलं. “दया नाही आली मला,” ते म्हणाले. “राग आला होता.”

“बाबा, प्लीज! असं लिहाल तर पेन्शन वर्षभर लटकवतील. थोडं सॉफ्ट लिहा.”

त्यांनी कोरा कागद घेतला. लिफाफ्यातला प्रश्न होता, ‘जप्त केलेल्या शासकीय शिक्क्याचा आपण वापर केलात, हे खरे आहे काय?’

ओव्हाळांनी उत्तर लिहिलं, ‘होय, खरे आहे. गोदाबाई कुंजीर यांच्या कामी सहा वर्षांत त्या शिक्क्याचा झालेला हा एकमेव वापर आहे.’ खाली सही केली, तारीख घातली, आणि सकाळी स्वतः जाऊन देऊन आले.